रोटाचं पीठ

डब्याचं झाकण काढलं तर मेथीचा वास आला. मोहिनीनं झाकण परत लावलं, गॅसवरचं दूध उतू जात नाहीये ना ते पाहिलं, आणि पुन्हा उघडलं. वास मेथीचाच. चिमूटभर पीठ तिनं जिभेवर ठेवलं. कडू. म्हणजे हा नवीनचा डबा. डॉक्टरांनी त्याच्या साखरेसाठी सांगितलेलं, गव्हात सोयाबीन, हरभरा आणि मेथी घालून दळलेलं पीठ. त्याच्या पोळ्या नवीननं दोन वेळा खाल्ल्या आणि तिसऱ्या वेळी ताट सरकवून म्हणाला होता, "हे गुरांना तरी चालेल का, विचारून पाहा." तेव्हापासून ते तसंच पडून होतं. ते इथे असेल तर मग दुसरा डबा? दुसरा डबा फडताळात पालथा होता, घासूनपुसून, आणि त्याच्या कडीला लाल नाडा बांधलेला होता. मोहिनी त्या नाड्याकडे बघत राहिली. बाहेर कुणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती, सारखी घरघरून बंद पडत होती. पतपेढीत जायची वेळ झाली होती. तिनं पर्स घेतली, चप्पल घातली, दारापर्यंत गेली आणि चप्पल घातलेल्या पायांनीच परत स्वयंपाकघरात आली, जे ती एरवी कधी करत नसे.

कानबाई, घराण्याची देवी, रविवारी बसायची होती. श्रावणातला हा रविवार खानदेशात दिवाळीपेक्षा मोठा, आणि त्या दिवसाचे रोट म्हणजे काही साधं गोडधोड नव्हे. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचा, चक्की धुवून घेऊन तो दळायचा, आणि त्या पिठाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा त्यातला तुकडा मिळत नाही. कोंडा फेकायचा नाही, ताटात उष्टं टाकायचं नाही. आजवर हे सगळं शिंदखेड्याकडच्या गावी सासूबाई करत आल्या, सुगंधाबाई. आता त्यांच्यानं उठवत नाही, मोठ्या जाऊबाईंचे गुडघे गेलेत, म्हणून यंदा प्रथमच कानबाई जळगावात, मेहरूणमधल्या मोहिनीच्या घरी बसणार होती. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "औंदा तुना घर कानबाई देखी लिसू, मंग डोया झाकाले मोकळी." त्या असं काही बोलल्या की नवीन हसून विषय बदलायचा, पण मोहिनीला माहीत होतं, म्हातारी उगाच बोलत नाही. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तरी सासरच्या लेखी मोहिनी शहरातलीच राहिली होती, जिला चुलीवरची भाकरी जमत नाही ती. यंदा पहिल्यांदा तिच्या हाती मुठी आल्या होत्या. न्हाऊन, ओलेत्यानं, गव्हाच्या पोत्यापुढे बसून तिनं नावं घेतली होती: थोरले दीर जीवरामभाऊ, नवीन, पुतण्या भूषण, आणि आपला जितेंद्र. जितेंद्र पुण्याला असतो, फोन केला तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणतो. त्याची मूठ घेताना तिनं बोटं जरा सैल सोडली होती, म्हणजे मूठ मोठी भरते. आईनं एवढी लबाडी केली तर देवी काही म्हणत नसावी.

आणि लाल नाड्याच्या डब्यातलं ते पीठ गेलं होतं. कुठे गेलं हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. बुधवारी कॉलनीतल्या लताबाई महिला मंडळाच्या आणखी दोघींना घेऊन दारात आल्या होत्या. मणिपूरहून घरदार जळून आलेली तीनचार कुटुंबं मेहरूण तलावापलीकडे एका समाजाच्या सभागृहामागच्या खोल्यांत उतरली होती. त्यांच्यातली एक मुलगी, लिंथोई, इथल्याच एका खाजगी दवाखान्यात बऱ्याच वर्षांपासून नर्स होती. तिकडच्या मदत छावणीत, कुठल्याशा शाळेच्या वर्गात किती दिवस काढणार म्हणून तिनं आईबापांना, काकामामांना इकडे आणलं होतं. तिकडे दोन बाजू आहेत म्हणे, आणि हे कोणत्या बाजूचे ते कुणी विचारू नका, असं लताबाईंनी बजावून सांगितलं होतं. त्यामुळे सगळ्यांनी विचारून घेतलं होतं. लिंथोई कुणालातरी म्हणाली होती, "जिस बाजू का घर जला, आंटी, उस बाजू के." त्या दिवशी तीही आली होती, पिठाची गोणी दोन्ही हातांनी उघडी धरून पायरीवर उभी होती, आणि वर बघत नव्हती. मोहिनीच्या कानाला फोन होता. जाऊबाई केळीच्या खांबांबद्दल विचारत होत्या, किती आणू, गाडीच्या टपावर बांधू का. कामवाल्या सारिकानं फरशी पुसायला म्हणून दोन्ही डबे उचलून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. मोहिनी आत आली, डबा उचलला, बाहेर गेली, गोणीत उपडा केला. लताबाई म्हणाल्या, "अगं, सगळंच? थोडं ठेव की." मोहिनी म्हणाली होती, "असू द्या, आम्ही दोघंच तर आहोत." हे वाक्य तिला आता जसंच्या तसं ऐकू येत होतं, आणि त्यातलं औदार्य ऐकून कानशिलं तापत होती. कारण देताना तिच्या मनात कडू पीठ होतं. नवऱ्यानं गुरांच्या लायकीचं ठरवलेलं पीठ आपण घर जळालेल्या माणसांना द्यायला निघालो होतो, आणि वर असू द्या म्हणालो होतो.

पण खरंच मनात कडू पीठ होतं का? पतपेढीत खिडकीमागे बसून पासबुकांवर शिक्के मारता मारता तिला हेही नक्की सांगता येईना. डब्याची कडी उचलली तेव्हा बोटांना नाडा लागला असणारच. सुती नाडा, हळदीकुंकवानं कडक झालेला. तो लागला की माणसाला कळतं. तिला आठवत होतं ते गोणीचं तोंड, आणि ते धरणारे हात. लहानखुरे, दवाखान्यातल्या साबणानं कोरडे पडलेले, आणि एका मनगटावर पांढरट चट्टा. भाजल्याचा असेल, किंवा नसेलही. तो बघून आपण आत गेलो. मग बोटांनी नाडा ओळखून सोडला, की ओळखून धरला? असा विचार आला की ती घाबरायची आणि स्वतःलाच दटावायची, की बाई, कानाशी फोन होता, जाऊ बोलत होती, चूक झाली. चूक म्हटलं की बरं वाटायचं. पण चूक झाली नसती तर त्यांना मेथीचं पीठ मिळालं असतं, हे आठवलं की पुन्हा बरं वाटेनासं व्हायचं. समोरच्या खातेदारानं काचेवर टकटक केली. "मॅडम, उलटा शिक्का मारला तुम्ही."

दुपारी नवीन जेवायला घरी आला तेव्हा तिनं सांगून टाकलं. त्याचं पाइपांचं दुकान होतं. गळतं तिथे सांधा बदलावा, एवढंच तत्त्वज्ञान त्याला माहीत होतं आणि तेवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं.

"मग दुसरा गहू दळून आण."

"मुठी एकदाच काढतात. नावं घेऊन काढल्या होत्या मी."

"पुन्हा घे नावं. आम्ही काय पळून चाललोय?"

"आणि त्यांनी ते खाल्लं असेल तर?"

"खाल्लं तर खाल्लं. पोट भरलं त्यांचं. पुण्यच आहे," नवीन म्हणाला, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "आईला मात्र सांगू नकोस. तिला कौतिकचं आठवेल."

कौतिकचं मोहिनीलाही आठवलं होतंच, सकाळपासून. ती फक्त त्या आठवणीला दारात उभी ठेवून इतर कामं करत होती. ती नवी नवरी असतानाची गोष्ट. कौतिक हा शेतावरचा सालदार, भिल्ल, जन्म सगळा त्याच वावरात गेलेला. कानबाईच्या दुसऱ्या दिवशी बायका विसर्जनाला नदीवर गेल्या आणि मागे भुकेलेल्या कौतिकनं फडक्याखालचा रोट उचलून खाल्ला. परत आल्यावर एकच गदारोळ. भाऊबंद ओसरीवर जमले. कुणी म्हणे रोट बाटले, कुणी म्हणे परक्याला रोट पचत नाही, हा रक्त ओकेल. कौतिक गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. सुगंधाबाई डोक्यावरची पाटी उतरवून शांतपणे त्याच्यापुढे गेल्या आणि म्हणाल्या, "खाधा ना? मंग आते तू आपला व्हयना." बस्स. पुढच्या वर्षापासून घरातल्या पुरुषांबरोबर कौतिकच्या नावाची मूठ निघू लागली. तो वारला तेव्हा घरानं सुतक पाळलं, पुरुषांनी केस दिले, आणि सगळं गाव तोंडाला पदर लावून हसलं. मोहिनीला तेव्हा सासूचा केवढा अभिमान वाटला होता. मग पुढे एकदा, जितेंद्र पोटात असताना दुपारची पडल्या पडल्या तिच्या मनात आलं, की कौतिक आपला झाला तो नेमका कशात? वावरात त्याला वाटा नव्हता. मजुरी तेवढीच. जेवायला तो गोठ्यातच बसायचा. त्याला वाटा मिळाला तो मुठीत आणि सुतकात, म्हणजे देवीपुढे आणि मेल्यावर. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. सासूबाईंनी जेवढं केलं तेवढंही दुसऱ्या कुणी केलं नसतं, हेही खरं होतं, आणि दोन्ही खरी असली की माणसानं कुठे बघावं ते तिला कळत नसे.

संध्याकाळी ती तलावाच्या कडेनं चालत गेली. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. बरोबर चांगला गहू होता, तांदूळ होता, गूळ होता. म्हणजे पीठ उरलं असेल तर बदलून मागता येईल. बदलून मागणार म्हणजे काय म्हणणार? चुकून तुम्हाला फार चांगलं दिलं गेलं, ते परत द्या? काठावर फिरायला आलेली माणसं भराभर चालत होती, कणसं भाजणारीच्या शेगडीचा धूर पाण्यावर आडवा पसरला होता. सभागृहामागच्या खोल्यांपुढे दोरीवर कपडे वाळत होते आणि त्यांतला एक सदरा तिनं ओळखला. नवीनचा, निळ्या रेघांचा, तिनंच दिलेला. तो सदरा असा वाऱ्यावर हलताना बघून तिला उगाचच भीती वाटली, जणू नवीनच इथे राहायला आलाय. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा तलावाकडे तोंड करून बसला होता. बारीक, पिवळसर, पायांवर सूज. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि परत पाण्याकडे पाहिलं.

लिंथोई ड्यूटीवरून नुकतीच आली होती, अजून पांढऱ्या कपड्यांतच होती. तिनं मोहिनीला लगेच ओळखलं.

"आंटी, आप वो आटा दिए थे ना? वही ना, घर का पिसा हुआ?"

मोहिनीनं मान हलवली.

"हम लोग चावल वाले हैं. रोटी ठीक से आती नहीं," ती हसली. "मम्मी ने गुड़ डालके तल दिया. पापा ने खाया. तीन महीना से हम चम्मच से खिलाते हैं, थोड़ा दलिया, थोड़ा पानी. वो मुँह फेर लेते हैं. कल अपने हाथ से लिया. फिर माँगा." तिनं वडिलांकडे बोट केलं. "आज सुबह भी माँगा."

"सगळं... सब खतम हुआ?"

"सबने खाया ना. बच्चे, चाचा लोग, सब. बहुत अच्छा था." मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू जरा मावळलं. "क्यों आंटी? कुछ था उसमें?"

आता सांगायला हवं होतं. पण काय सांगायचं? की त्यात माझ्या नवऱ्याची मूठ होती, दिराची होती, माझ्या मुलाची होती, आणि ती बोटं सैल सोडून घेतली होती? मोहिनी म्हणाली, "नहीं, नहीं. और चाहिए क्या, वो पूछने आयी." खोटं बोलताना तिचं हिंदी एकदम सफाईदार झालं. पिशव्या तिनं दारात ठेवल्या, काही लागलं तर म्हणून आपला नंबर दिला. निघताना म्हाताऱ्यानं हात थोडा वर केला. तो नमस्कार होता की खुर्चीच्या हातावरची माशी हाकलली होती, कोण जाणे. मोहिनीनं मात्र डोक्यावर पदर घेतला, सासऱ्यांपुढे घ्यायची तसा, आणि चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण ड्रेस घातलाय, ही ओढणी आहे.

घरी येताना तिच्या डोक्यात नुसता गुंता होता. हे सगळे आता भाऊबंद झाले काय? मग यांच्या नावाच्या मुठी? त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत. आणि म्हाताऱ्यानं मागून खाल्लं, म्हणजे तो सुधारेल की परक्याला पचत नाही तसं होईल? आपण शिकलेली बाई, पतपेढीत व्याजाचे हिशेब करतो, आणि असल्या गोष्टीला भितो, याची तिला लाज वाटली. मग लाज वाटून घेतल्याचीही भीती वाटली, कारण रविवारी देवी यायची होती आणि तिला मनातलं कळतं. घरी पोचून, न्हाऊन, तिनं पुन्हा मुठी काढल्या आणि तो गहू चक्कीवर नेऊन दळायला टाकला. नावं घेतली होती, पण यावेळी जितेंद्रची मूठ इतरांएवढीच भरली, किती सैल सोडली तरी. चक्कीवाला म्हणाला, "वहिनी, परवाच तर धुतली होती चक्की तुमच्यासाठी." ती म्हणाली, "पाहुणे वाढले." हे वाक्य तोंडातून कसं आलं ते तिला समजलं नाही.

शनिवारी दुपार उलटल्यावर गावाकडची गाडी आली. टपावर केळीचे खांब, डिकीत नारळ, आणि मागच्या सीटवर दोन उशांच्या मधे सुगंधाबाई. जीवरामभाऊंनी आणि नवीननं त्यांना खुर्चीसकट उचलून आत आणलं. म्हातारीनं घरभर नजर फिरवली, चौरंगाची जागा पाहिली, भिंतीवरचा नवा रंग पाहिला. "चांगलं करं व माय," एवढंच म्हणाल्या, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मोहिनीच्या गालावरून हात फिरवला. मोहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मोठ्या जाऊबाई, मंजुळाबाई, गुडघ्याला हात लावत खांब बांधायची जागा दाखवू लागल्या. घरात माणसांचा, फुलांचा, तुपाचा वास भरला. आता सगळं नीट होणार, कालचं ते तलावापलीकडे राहील, असं तिला वाटू लागलं. दिवेलागणीला फोन वाजला.

लिंथोईचा आवाज सपाट होता, दवाखान्यातला. "आंटी, पापा नहीं रहे. दोपहर को सोये, बस." मग थोडं थांबून, "आज ही ले जा रहे हैं. मैंने सोचा आपको बताऊँ. आखिर में वही खाया था उन्होंने. मम्मी बोली, उनको बताना." आणि मागे कुणीतरी त्यांच्या भाषेत लांब सुरात रडत होतं, आणि रडण्याला मात्र वेगळी भाषा नव्हती.

"कोन शे?" मंजुळाबाईंनी विचारलं.

नवीननं तिच्याकडे बघून मान हलवली. नाही, असं. त्यानं ऐकलं नव्हतं, पण त्याला कळलं होतं. मोहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. नवीन समोर उभा होता आणि तिला निळ्या रेघांचा सदरा दोरीवर हलताना दिसत होता. आत्ता "पतपेढीतून होता" म्हटलं तर उद्या कानबाई बसेल, म्हातारी डोळे भरून पाहील, पहिल्यांदा मिळालेली माया टिकेल. आणि ते पीठ खाऊन म्हातारा भाऊबंद झालेला असला, आणि सुतक असताना देवी बसवली म्हणून काही झालं तर ते जीवरामभाऊंना, नवीनला, पुण्यात मीटिंगमध्ये बसलेल्या पोराला होईल. किंवा काहीच होणार नाही, आणि तेच तिला सगळ्यांत असह्य वाटलं. एक माणूस आपल्या हातचं मागून खाऊन मेला आणि इकडे काहीच झालं नाही.

ती सासूबाईंच्या खुर्चीपुढे खाली बसली आणि सांगितलं. सगळं: दोन डबे, गोणी, गुळात तळलेलं, म्हातारा. मंजुळाबाईंच्या हातातली दोरी खाली पडली. "आते काय करतस? एवढा खांब आनात, बठ्ठा भाऊबंद येवाव शेतस," त्या म्हणाल्या, आणि मग, "कोन व्हता तो आपला? ना जातना, ना गावना." जीवरामभाऊ खाकरले. सुगंधाबाईंनी डोळे मिटून ऐकलं होतं. उघडले तेव्हा त्या मोहिनीकडे बघत होत्या, रागानं नव्हे, नीट दिसावं म्हणून.

"कौतिकनी सोताना हाते लिधा व्हता," त्या सावकाश म्हणाल्या. "लेनारानं लिधं तरी तो आपला व्हस, देनारानं दिधं तरी व्हस. पन चुकीसन गयं ते नही व्हस. चुकीसन गयं व्हई ते सुतक नही, सकाय कानबाई बसाडा." त्या पुढे वाकल्या. "सांग माले. तू दिधं, का ते गयं?"

मोहिनीला वाट दिसली. म्हातारीनं आपण होऊन काढून दिलेली, सरळ, स्वच्छ वाट. गेलं, एवढं म्हणायचं. आणि कदाचित ते खरंही होतं. फोन कानाशी होता. डबे शेजारी शेजारी होते. ती बोटांकडे बघत राहिली. बोटांना काही आठवत नव्हतं. ती आता कधीच कळणार नव्हती, ती एका क्षणाची गोष्ट, की आपण तेव्हा कोण होतो. कडू पीठ द्यायला निघालेली बाई, की ही. मग ते आत्ताच ठरवावं लागणार.

"मी दिधं, आई," ती म्हणाली. सासरची भाषा तिच्या तोंडात पहिल्यांदाच न अडखळता आली.

सुगंधाबाईंनी हूं केलं. चौरंगाकडे एकदा पाहिलं, रिकाम्या, आणि बराच वेळ पाहिलं. मग त्या नवीनला म्हणाल्या, "तू आनि जीवराम जा तठे. खांदाले मानसं नही व्हतीन." आणि मोहिनीला म्हणाल्या, "पानी ठेव, माय. बठ्ठासले आंग धोवानं शे. पहिलं माले."